जुनी पॉइंट टू-टू रायफल पुन्हा अचूक कशी होते?

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकलं. या प्रकारातलं भारताचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून नेम धरण्याच्या प्रकारात, जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. आंबोलीच्या घाटापलीकडे हे घडत असताना गोव्यातल्या मराठी घरांतही पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंच नळीच्या रायफलीचा विषय निघणारच. निघतो तेव्हा प्रश्न बहुतेक एकच असतो. काकांच्या किंवा आजोबांच्या परवान्यावरची जुनी टार्गेट रायफल आहे, बीएसए नाहीतर आन्शुट्झ कंपनीची. एके काळी तिचा नेम पक्का होता म्हणतात, आता मात्र गोळ्या कुठेही जातात. नवी घ्यायची तर काही लाखांचा मामला. मग जुनीचं काही होईल का?

बहुतेक वेळा होतं. पण लोक जिथून सुरुवात करतात तिथून नाही. नवी बॅरल (नळी), नवा ट्रिगर, महागडी दुर्बीण यांची यादी आधी तयार होते, आणि खरा दोष सैल स्क्रू, न जुळणारी काडतुसं आणि पावसात फुगलेलं लाकूड यांत निघतो. काजूच्या बागायतीत रानडुकरांसाठी ठेवलेल्या बारा बोअर बंदुकीबद्दल हा लेख नाही. ५० मीटरवरच्या कागदी निशाण्यासाठी बनवलेल्या पॉइंट टू-टू रायफलीबद्दल आहे.

नेम चुकतो म्हणजे नेमकं काय होतं?

दोन अगदी वेगळ्या तक्रारी लोक एकाच वाक्यात सांगतात. पहिली अशी की, दहाही गोळ्या एकमेकींना चिकटून पडतात, पण मधोमध न पडता डावीकडे खाली पडतात. ही तक्रारच नव्हे. साइटचे, म्हणजे नेम धरायच्या साधनाचे, स्क्रू फिरवले की ती मिटते. दुसरी तक्रार अशी की, रायफल तीच, नेम तोच, तरी गोळ्या पसरतात. या पसरण्याला नेमबाज ग्रुप म्हणतात, आणि रायफलीची अचूकता म्हणजे या ग्रुपचा आकार. पुढचं सगळं या दुसऱ्या तक्रारीबद्दल.

आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगतो. ५० मीटर रायफलच्या निशाण्यावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलीमीटर व्यासाचं असतं. पॉइंट टू-टूची गोळी स्वतःच साडेपाच मिलीमीटरच्या वर जाड. उत्तम टार्गेट रायफल, तिला मानवलेली काडतुसं आणि पक्का टेकू असेल, तर दहा गोळ्यांचा ग्रुप टोकाच्या दोन छिद्रांच्या केंद्रांपासून मोजून १० ते १३ मिलीमीटरपर्यंत येतो. पन्नास-साठ वर्षं जुनी पण निरोगी रायफल १५ ते १८ मिलीमीटरवर आली तर समाधान मानावं. ती ३५-४० मिलीमीटर पसरत असेल तर कुठेतरी बिघाड आहे, आणि तो सापडण्याजोगा असतो.

रिमफायरचा स्वभाव

पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ मध्ये अमेरिकेत स्टीव्हन्स कंपनीनं आणलं. तेव्हापासून त्याची रचना फारशी बदललेली नाही. मोठ्या काडतुसांत बुडाच्या मधोमध वेगळी टोपी बसवलेली असते आणि तिच्यावर पिन आपटते. इथे तशी टोपी नसते. पितळी नळकांड्याच्या बुडाला जी बाहेर आलेली कड असते, तिच्या पोकळीत पेटणारं मिश्रण भरलेलं असतं. फायरिंग पिन ती कड चेंबरच्या, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेच्या, कडेवर चिरडते आणि बार उडतो. कडेवर पेटतं म्हणून रिमफायर.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, हे काडतूस घरी पुन्हा भरता येत नाही. मोठ्या रायफलीचा नेमबाज दारू मोजून भरतो, गोळी बदलून बघतो. आपल्याला कारखान्यानं दिलं तेच चालवायचं. दोन, कडेत मिश्रण सगळीकडे सारखं पसरलंय का, पिन दर वेळी सारख्याच जोरानं आपटतेय का, यावर गोळीचा वेग ठरतो.

वेगातला फरक किती महागात पडतो ते बघा. टार्गेटची काडतुसं सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगानं गोळी सोडतात. ५० मीटर जायला तिला सेकंदाचा सहावा भाग लागतो आणि तेवढ्यात ती बॅरलच्या रेषेखाली सव्वाशे मिलीमीटर उतरलेली असते. एक गोळी दुसरीपेक्षा सेकंदाला १० मीटरनं हळू निघाली तर ती निशाण्यावर सात-आठ मिलीमीटर खाली लागते. म्हणजे काडतुसानंच दहाचं वर्तुळ जवळजवळ खाऊन टाकलं. नेमबाजाचा यात काही दोष नाही.

आधी मोजा, मग हात लावा

सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात मोलाची पायरी हीच. रायफलीत काहीही बदलण्याआधी ती आज किती पसरते ते कागदावर उतरलं पाहिजे. त्याशिवाय सुधारणा झाली की नुसती वाटली, हे कधीच कळणार नाही.

पाच गोळ्यांचा एक ग्रुप म्हणजे पुरावा नव्हे. एकच रायफल, एकच डबा, एकच सकाळ, तरी पाच गोळ्यांचा एक ग्रुप १० मिलीमीटरचा आणि लगेचचा १८ मिलीमीटरचा येऊ शकतो, आणि त्यात काहीही बिघडलेलं नसतं. गोळ्यांचं विखुरणंच तसं असतं. शिवाय गोळ्या वाढवल्या की ग्रुप वाढतोच. दहाचा ग्रुप सरासरीनं पाचाच्या ग्रुपपेक्षा पाव पट मोठा असतो. पाचाचा सर्वांत सुंदर कागद पाकिटात घालून फिरणारे नेमबाज मला भेटतात. त्या कागदावरून रायफलीबद्दल काही कळत नाही, कारण उरलेले कागद फेकून दिलेले असतात. दहा-दहा गोळ्यांचे निदान चार ग्रुप काढा, वाईटासकट सगळे ठेवा, सरासरी घ्या. तो तुमचा पाया.

मोजणी टेकूवरून करायची. पुढे वाळूची पिशवी, मागे दस्त्याखाली लहान पिशवी, आणि जमलं तर तेवढ्यापुरती दुर्बीण. खांद्यावरून झाडून काढलेल्या ग्रुपमध्ये तुमचा श्वास, नाडी आणि रायफल यांचा काला होतो.

गोव्यात यात एक गोष्ट जास्तीची सांभाळावी लागते, ती म्हणजे वारा. पॉइंट टू-टूची गोळी हलकी, अडीच ग्रॅमच्या आसपास. सेकंदाला एक मीटरची आडवी झुळूक, जिच्यानं झाडाचं पानही जेमतेम हलतं, ती ५० मीटरवर गोळीला सहा मिलीमीटर ढकलते. आपल्याकडे दुपारकडे समुद्रावरून खारा वारा सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत थांबत नाही. त्यामुळे चाचणी सकाळी लवकर उरका, वारा उठायच्या आत. सकाळी एक काडतूस आणि दुपारी दुसरं असं तपासलंत, तर तुम्ही वारा मोजलात, काडतूस नव्हे.

आणि एका वेळी एकच बदल. स्क्रू घट्ट केले, बॅरल साफ केली, डबा बदलला, तिन्ही एकाच दिवशी, तर सुधारणा झाली तरी ती कशामुळे हे कायमचं गुलदस्त्यात राहतं.

काडतूस: अर्धं उत्तर इथेच

प्रत्येक बॅरलला तिचं काडतूस आवडतं, असं नेमबाज म्हणतात. त्यामागे साधं कारण आहे. बॅरलच्या आतला व्यास, चेंबरची लांबी, रायफलिंगची (बॅरलच्या आतल्या पीळदार खोबण्यांची) सुरुवात, या प्रत्येक मापात कारखान्यातून निघतानाच केसाएवढा फरक असतो. जुन्या रायफलीत झिजेची भर पडते. शिशाच्या मऊ गोळीला तो फरक जाणवतो.

म्हणून एली टेनेक्स, लापुआ, एसके किंवा आरडब्ल्यूएस या काडतुसांपैकी कुठलं श्रेष्ठ, या वादाला तुमच्या रायफलीपुरता अर्थ नाही. तिला काय मानवतं ते तिलाच विचारावं लागतं. त्यातही एकाच नावाच्या डब्यांवर वेगवेगळे लॉट क्रमांक असतात. लॉट म्हणजे एका वेळी एकाच मिश्रणातून, एकाच यंत्रातून निघालेली खेप. नाव तेच असलं तरी एक लॉट १४ मिलीमीटरचा ग्रुप देतो आणि दुसरा २२ चा. वरच्या पातळीचे नेमबाज यासाठी रायफल घेऊन परदेशातल्या कारखान्यांच्या चाचणी केंद्रांवर जातात, तिथे ती शिकंज्यात अडकवून एकेक लॉट झाडून बघतात आणि जमलेला लॉट वर्षभरासाठी उचलतात. आपल्याला तेवढं शक्य नाही. पण क्लबातल्या चार-पाच जणांनी वेगवेगळे लॉट घेऊन एकमेकांना तपासायला देणं शक्य आहे. परवान्यावर काडतुसांच्या संख्येला मर्यादा असते, त्यामुळे एकट्यानं दहा प्रकार तपासत बसणं परवडतही नाही आणि बसतही नाही.

तपासताना एक चूक जवळजवळ सगळे करतात. गोळीवर मेण-चरबीचा पातळ थर असतो आणि तो बॅरलमध्ये उतरत राहतो. काडतूस बदललं की आधीच्या थरावर नवा थर बसायला दहा ते वीस गोळ्या जातात. त्या मोजायच्या नाहीत. पहिल्या पाचांवरून ‘हे काडतूस चालत नाही’ असा निकाल दिला, तर तो निकाल आधीच्या काडतुसाच्या मेणाचा असतो.

‘जास्त वेगाचं काडतूस घेतलं तर वारा कमी लागेल ना?’ हा प्रश्न हमखास येतो. इथे उलट घडतं. डब्यावर हाय व्हेलॉसिटी लिहिलेली गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात निघते आणि ५० मीटरच्या आतबाहेरच त्याखाली येते. त्या वेगाला हवेचा अडथळा एकदम वाढलेला असतो, तिचा वेग भराभर पडतो, आणि जितका वेग वाटेत गमावला जातो तितकी ती वाऱ्यानं सरकते. सावकाश निघणारी टार्गेटची गोळी वेग कमी गमावते, म्हणून कमी वाहते. टार्गेट रायफलीत हाय व्हेलॉसिटी घालू नका.

लाकूड, स्क्रू आणि चार महिन्यांचा पाऊस

गोव्यातल्या जुन्या रायफलींचं खरं दुखणं माझ्या मते इथे आहे, म्हणून इथे थोडा जास्त वेळ.

रायफलीचा लोखंडी भाग, म्हणजे बॅरल आणि चेंबर मागून बंद करणारा बोल्ट जिच्यात चालतो ती ॲक्शन, लाकडी दस्त्याच्या खोबणीत दोन किंवा तीन स्क्रूंनी बसवलेला असतो. या बसण्याला बेडिंग म्हणतात. गोळी सुटताना सगळं लोखंड थरथरतं. ते दर वेळी त्याच जागी, त्याच दाबानं टेकलेलं असेल तर थरथरही दर वेळी सारखी आणि गोळीही त्याच जागी. टेकण्यात फरक पडला की गोळी भलतीकडे.

आता पावसाळा. पागोळ्या लागल्या की घराचं लाकडी दार चौकटीत अडकायला लागतं आणि दिवाळीनंतर आपोआप सुटतं, तसंच दस्त्याचं होतं. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. दस्ता अक्रोडाचा असो की बीचचा, पॉलिश उडालेलं लाकूड पाणी शोषतं आणि आडव्या दिशेनं फुगतं. फुगलेलं लाकूड स्क्रूखाली दाबलं जातं, त्याचे तंतू चिरडतात. मग नोव्हेंबर-डिसेंबरच्या कोरड्या हवेत ते आकसतं आणि ज्या स्क्रूला कुणी हात लावला नाही तो सैल होतो. फरक मिलीमीटरच्या दशांशांचा, पण अशा वीस-तीस पावसाळ्यांनंतर खोबणीत लोखंड नीट टेकतच नाही.

तपासायला यंत्र लागत नाही. रायफल रिकामी आहे याची बोल्ट उघडून, चेंबरमध्ये बघून खात्री करा. साधी वहीच्या कागदाची पट्टी बॅरल आणि दस्त्याच्या पुढच्या भागामधून घालून ॲक्शनकडे सरकवत न्या. ज्या रायफलीत बॅरल मोकळी ठेवलेली असते, तिच्यात पट्टी न अडकता गेली पाहिजे. मध्येच अडली तर तिथे लाकूड वर आलंय. आता रायफल उभी धरा, डाव्या हाताचं बोट बॅरल आणि लाकडाच्या फटीवर ठेवा, दोन्हींना एकदम स्पर्श होईल असं, आणि उजव्या हातानं पुढचा स्क्रू हळूहळू सैल करा. बॅरल लाकडापासून उसळल्यासारखी हलली तर ॲक्शन वाकवून बसवलेली आहे, स्क्रू तिला ओढून धरतोय. बोटाला हे हलणं स्पष्ट कळतं. बेडिंग चांगलं असेल तर काहीच जाणवत नाही.

पहिला उपाय फुकट आहे. स्क्रू पूर्ण काढून खोबणीतला जुना तेलाचा राप पुसा, पुन्हा बसवा आणि दर वेळी सारख्याच जोरानं आवळा. ‘हाताच्या अंदाजानं घट्ट’ हा जोर रोज बदलतो. त्यासाठी ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणारा टॉर्क स्क्रूड्रायव्हर मिळतो. आन्शुट्झच्या टार्गेट रायफलींना साधारण ५ न्यूटन-मीटर चालतं, पण आपल्या मॉडेलची पुस्तिका बघून मगच. स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला. पावसाळा सुरू होताना आणि संपल्यावर ही रेघ बघायलाच हवी.

लाकूड चिरडलेलंच असेल तर खोबणीत इपॉक्सी ओतून ॲक्शनचा नेमका साचा उठवतात आणि स्क्रूंभोवती ॲल्युमिनियमच्या नळ्या बसवतात, म्हणजे दाब लाकडावर न येता धातूवर येतो. एकदा नीट झालं की मग पाऊस कितीही पडो. काम जाणकार कारागिराकडून करून घ्या. इपॉक्सी नको तिथे शिरली तर ॲक्शन लाकडातून निघतच नाही. आणि दस्त्याच्या आतल्या उघड्या लाकडालाही पॉलिश किंवा तेल द्या. बाहेरून चकचकीत आणि आतून कोरं लाकूड आतूनच पाणी पितं.

साफसफाई: किती, कुठून, कशानं

एक गट म्हणतो टू-टूची बॅरल कधीच साफ करू नये, दुसरा गट दर सत्रानंतर ब्रश घासतो. दोघांच्याही हातून रायफली बिघडलेल्या आहेत.

टू-टूच्या बॅरलमध्ये तीन प्रकारचा मळ साचतो. मेण, शिसं आणि पेटत्या मिश्रणाची राख. मेणाचा पातळ थर हवाच असतो, तो काढला की पुन्हा बसेपर्यंत ग्रुप सैल येतात. शिसं मात्र रायफलिंगच्या सुरुवातीला आणि खरबरीत झालेल्या जागी चिकटतं. आणि चेंबरच्या तोंडाशी राखेचं कठीण कडं तयार होतं. पूर्वापार या मिश्रणात काचेची बारीक पूड घालतात, पिन आपटल्यावर घर्षण व्हावं म्हणून. ती पूड चेंबरच्या पुढे, तळाच्या बाजूला पडते आणि प्रत्येक गोळी ती चिरडत पुढे जाते. जुन्या बॅरलमध्ये झीज नेमकी त्या तळाच्या बाजूला दिसते, ती याच कारणानं.

एनसीसीत पॉइंट टू-टू चालवलेल्यांना चिंदी, म्हणजे बॅरल पुसायचा कापडाचा तुकडा, ठाऊक आहे. तीच घट्ट बसणारी चिंदी सॉल्व्हंटमध्ये (मळ विरघळवणाऱ्या द्रवात) भिजवून, प्लास्टिकचं आवरण असलेल्या रॉडनं, मागून पुढे ढकला. पुढच्या तोंडातून रॉड घालणं टाळा. ज्या जुन्या रायफलीत दुसरा मार्गच नाही, तिथे तोंडावर रॉड मधोमध धरणारी चकती लावूनच. चिंदीवर राखाडी चकाकणारे कण आले तर ते शिसं. राखेच्या कड्यासाठी चेंबरच्या तोंडाशी सॉल्व्हंट थोडा वेळ मुरू द्या आणि मग तेवढ्याच भागात कांस्याचा ब्रश हातानं गोल फिरवा.

वर्षानुवर्षं पडून असलेली रायफल एकदा अशी मनापासून साफ केली की अनेकदा तेवढ्यावरच ग्रुप निम्म्यावर येतो. पुढे सत्रानंतर दोन-तीन कोरड्या चिंद्या पुरतात.

आता बॅरलचं टोक, ज्याला क्राउन म्हणतात. गोळी बॅरल सोडते त्या क्षणी मागचा वायू तिच्या बुडाभोवतीनं सगळीकडून सारखा सुटायला हवा. कडेला एका बाजूला ओरखडा असेल तर वायू तिथून आधी निसटतो आणि गोळीला तिरका धक्का बसतो. कान साफ करायची कापसाची काडी क्राउनच्या आतल्या कडेवरून आतून बाहेर फिरवा, सावकाश, पूर्ण वर्तुळ. जिथे कापसाचा एक तंतू अडकून राहील तिथे खरचट आहे. दुसरी खूण म्हणजे वीस-तीस गोळ्यांनंतर टोकावर उमटणारी काळसर चांदणी. खोबण्यांइतकी तिची टोकं असतात. सगळी सारखी लांब असली तर क्राउन ठीक. एक टोक पसरट, एक तोकडं असेल तर क्राउन लेथवर पुन्हा कापून घ्यावा लागेल. बंदूक कारागिराचं ते थोडक्या वेळाचं काम आहे, आणि जुन्या रायफलीवर होणाऱ्या खर्चात इतका वसूल होणारा खर्च दुसरा नाही.

स्प्रिंग, पिन, ट्रिगर

फायरिंग पिनची स्प्रिंग चाळीस वर्षांत मऊ पडते. बार उडतो, म्हणून कुणाला संशय येत नाही, पण पिनचा ठसा उथळ होतो आणि पेटणं दर वेळी सारखं राहत नाही. ग्रुप आडवा नीट आणि उभा लांबट येत असेल तर आधी काडतूस आणि मग ही स्प्रिंग तपासा. रिकामी काडतुसं एका रांगेत ठेवून कडेवरचे ठसे भिंगातून बघा. सारखे, खोल आणि स्वच्छ हवेत. बोल्टमधलं जुनं घट्ट झालेलं ग्रीसही पिनला असंच मंद करतं, तेव्हा आधी ते धुऊन बघा.

काही जुन्या रायफली रिकाम्या चालवल्या की पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे खाच पडते. सरावासाठी रिकामा ट्रिगर ओढायचा तर आपल्या मॉडेलला ते चालतं का, हे आधी विचारून घ्या.

ट्रिगर नेमबाजाला मदत करतो, रायफलीचा ग्रुप त्यानं बदलत नाही. तो स्वच्छ करून घ्या, कारागिराकडून जुळवून घ्या. घरी कानस लावू नका. ट्रिगरचे आतले दोन पृष्ठभाग जिथे अडकतात तिथे जास्त घासलं गेलं तर बोल्ट बंद करतानाच बार उडू शकतो.

साइट: एक दशांशाची किंमत

टार्गेट रायफलीत मागे बारीक छिद्राची साइट आणि पुढे गोल कडी असते, आणि दोन्हींत साधारण ८० सेंटीमीटर अंतर. मागची साइट जागच्या जागी एक दशांश मिलीमीटर हलत असेल तर निशाण्यावर सहा मिलीमीटरचा फरक पडतो. साइट बोटांनी धरून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघा. खडखड जाणवली तर आधीची सगळी मेहनत इथे वाया जातेय. साइटची स्क्रू-यंत्रणा झिजली असेल तर ती नवीच घ्या. नव्या भागावर डोळे झाकून खर्च करावा असा रायफलीचा हा एकच भाग.

जुन्या नेमबाजांच्या पुढच्या कड्या फार घट्ट असतात, काळ्या वर्तुळाला जेमतेम पांढरी किनार उरेल अशा. चाळिशीनंतरच्या डोळ्यांना त्या छळतात. थोडी मोठी कडी लावा. पांढरी किनार रुंद दिसली की ती सगळीकडून सारखी आहे का, हे डोळ्याला पटकन कळतं.

‘शेवटी नेम माणसाचाच ना?’

हा सगळ्यात रास्त आक्षेप, आणि त्याला आकड्यांत उत्तर आहे. माणसाची आणि रायफलीची चूक सरळ बेरजेनं मिळत नाहीत. पायथागोरसच्या त्रिकोणातल्या दोन बाजूंसारख्या मिळतात, वर्गांची बेरीज आणि तिचं वर्गमूळ.

समजा तुम्ही स्वतः २५ मिलीमीटर पसरता आणि रायफल १५. एकूण ग्रुप येतो सुमारे २९. खूप खर्च करून रायफल १० वर आणली, तर एकूण होतो २७. दोन मिलीमीटरसाठी सगळा खटाटोप. पण रायफल ३५ मिलीमीटर पसरत असेल तर एकूण ४३ होतात, आणि ती १५ वर आणली की ४३ चे २९. म्हणजे बिघडलेली रायफल दुरुस्त करण्यात नवशिक्याचाही मोठा फायदा आहे, चांगल्या रायफलीला उत्तम करण्यात मात्र नवशिक्याचा जवळजवळ काहीच नाही. तो खर्च स्वतः १२ मिलीमीटरवर आलेल्या नेमबाजानं करावा. त्याचा ग्रुप त्याच सुधारणेनं १९ वरून १६ वर येतो, आणि त्या पातळीवर तीन मिलीमीटर म्हणजे बरेच गुण.

‘बिघडलेल्या रायफलीवरही शिकता येतं,’ असं काही प्रशिक्षक म्हणतात. मला ते पटत नाही. गोळी कुठे गेली यावरून मुलं आपली चूक ओळखायला शिकतात. नेम बरोबर असूनही आठ, आणि चुकलेला असूनही दहा, असं होत राहिलं तर ती काय शिकणार?

कायद्यात काय बसतं?

साफसफाई, स्क्रू आवळणं, साइटची कडी बदलणं, ही मालकाची नेहमीची निगा. त्यापलीकडचं, म्हणजे क्राउन कापणं, चेंबर, बॅरल, ट्रिगरचे भाग, हे परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीला परवाना लागतो, आणि कलम ६ नुसार परवान्याशिवाय बॅरल आखूड करणं हा गुन्हा आहे. ओळखीचा लेथवाला कितीही कुशल असो, त्याच्याकडे रायफल नेऊ नका. वारशानं आलेली रायफल असेल तर ती आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे रीतसर आपल्या नावावर करून घ्या, बाकीचं नंतर.

निवडणूक जाहीर झाली की शस्त्रं जमा करायचे आदेश निघतात. राष्ट्रीय रायफल संघटनेचे सदस्य असलेल्या खेळाडूंना त्यातून सहसा सूट मिळते, पण ती अर्ज करून घ्यावी लागते. जमा करावीच लागली, तर पोलीस ठाण्यातल्या दमट खोलीत ती काही आठवडे पडून राहणार हे धरून चाला. बॅरलमध्ये आणि बाहेर गंजरोधक तेलाचा पातळ हात द्या, कापडी खोळीऐवजी पेटी वापरा, आत सिलिका जेलची मोठी पुडी टाका. फोमच्या खोळीत ओल धरून राहते, त्यामुळे गंज बाहेर ठेवल्यापेक्षा लवकर चढतो. परत आणल्यावर चालवण्याआधी चेंबर आणि बॅरल कोरडी पुसा. तेलकट बॅरलमधल्या पहिल्या गोळ्या कुठेही जातात.

आणि बॅरलच गेली असेल तर?

हे शेवटी, कारण इथवर क्वचितच यावं लागतं. मऊ शिशाची गोळी आणि लष्करी काडतुसाच्या निम्म्याहून कमी दाब, यामुळे टू-टूची बॅरल नीट सांभाळली तर एका माणसाच्या हातून सहसा झिजत नाही. ती मरते ती गंजानं किंवा चुकीच्या रॉडनं. आत बारीक खड्डे दिसले तरी घाबरू नका, आधी झाडून बघा. मधल्या भागातले उथळ खड्डे असूनही चांगले ग्रुप देणाऱ्या बॅरल असतात. शेवटचे काही इंच आणि चेंबरच्या पुढचा भाग शाबूत असणं महत्त्वाचं.

चेंबरपुढचा भागच खाल्ला गेला असेल तर बॅरल बदलण्याआधी कारागिराला एक विचारा. मागून इंचभर कापून, चेंबर नव्यानं कोरून तीच बॅरल पुन्हा बसवता येईल का? टार्गेट रायफलींच्या बॅरल २६-२७ इंचांच्या असतात आणि टू-टूची दारू १६ ते १९ इंचांतच जळून संपते, त्यामुळे इंच गेल्यानं काही बिघडत नाही. कामापूर्वी आणि नंतर बॅरलची लांबी परवान्याच्या कागदपत्रांशी जुळती ठेवण्याबद्दल दुरुस्तीकाराकडून लेखी घ्या. आणि टोकाचे काही इंच गेले असतील तर तेवढे कापून नवा क्राउन, हेही त्याच परवानाधारकाच्या हातून, त्याच कागदांसह.